देवाच्या इच्छेचा शोध : मराठी ख्रिस्ती चिंतनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला येते. वाटेत चौफुला लागतो. वारी सोलापूर रस्त्याने पुढे निघते आणि उत्तरेला फुटणारा रस्ता केडगाव, पारगाव, न्हावरे करत भीमा ओलांडून शिरूरला पोचतो. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. शिरूरला एके काळी अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. म्हणजे विठ्ठलाच्या नामघोषात जागणारी वरवंडची रात्र आणि मुक्तीच्या मंदिरातली उपासना यांच्यात अंतर आहे ते थोड्या मैलांचे. दौंड-शिरूरचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. आज कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, गुऱ्हाळे चालू आहेत. पण पाऊस दगा देतो म्हणजे काय, हे इथल्या जुन्या घरांना सांगावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती चिंतनाच्या अभ्यासात शिरू पाहणाऱ्याने आधी या भागात यावे असे मला मनापासून वाटते. या चिंतनाचा मुख्य प्रश्न इथल्या जमिनीवर, दुष्काळाच्या दिवसांत, फार स्पष्ट विचारला गेला.

तो प्रश्न असा : देवाची इच्छा काय आहे हे माणसाला कळते कसे, आणि कळल्यावर त्याने करायचे काय?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची मुळे येशूच्या शिकवणीतच आहेत. त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत पित्याची इच्छा स्वर्गात चालते तशी पृथ्वीवर चालावी ही मागणी आहे, आणि रोजच्या भाकरीची मागणी तिच्या लगेच पाठोपाठ येते. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी तो बजावतो की नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणून भागणार नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे वागावे लागेल. गेथशेमाने बागेत मात्र तोच येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि अखेर स्वतःची इच्छा बाजूला ठेवतो. पौल रोमकरांना लिहितो की देवाची इच्छा पारखून घ्यायची तर आधी मन नवे व्हायला हवे. करणे, सोसणे आणि पारखणे हे तीन धागे पहिल्यापासून एकत्र वळलेले आहेत. अडचण येते ती यांतला एकच धागा ओढला की. नुसते सोसणे उरले तर अन्यायालाही देवाचे नाव मिळते. नुसते करणे उरले तर माणूस आपल्याच हट्टाला देवाची आज्ञा म्हणू लागतो. म्हणून सगळा भार येऊन पडतो तो पारखण्यावर. मराठी ख्रिस्ती लेखकांनी या पारखण्याचे जे साहित्य मागे ठेवले आहे ते दुसऱ्या कोणत्याही भाषेतल्या अशा साहित्यापेक्षा उणे नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याची ओळख मात्र मराठी वाचकालाच कमी आहे.

या साहित्याचा आरंभ फार मागे जातो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोल इथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलातली कथा पुराणाच्या घाटात सांगतो. स्टीफन्स ज्या संघातला, त्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती देवाकडून आणि कोणती नव्हे हे ओळखण्याचे नियमच लिहून ठेवले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरहून १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला, बेळगावच्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि नंतर ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. पदमनजींच्या आत्मचरित्रात सुशिक्षित तरुणाच्या मनातली धर्मशंका पायरीपायरीने उलगडते. हे सारे वाचायलाच हवे. पण प्रवेश करणाऱ्याला मी इथे फार वेळ थांबवणार नाही, कारण प्रश्न खऱ्या अर्थाने पेटतो तो रमाबाईंच्या आयुष्यात.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री विद्वान, पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करणारे. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत हिंडले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, जवळचे सगळे संपले आणि अन्नान्न दशा झाली. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या दिवसांचे वर्णन केले आहे. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. मुलीला जवळ घेऊन त्यांनी सांगितले की तुला मी देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखवल्यामुळे जलसमाधी टळली, पण वडील फार दिवस जगले नाहीत. मागोमाग आई गेली आणि थोरली बहीणही. अभ्यासकाने या प्रसंगापाशी थांबावे. पुढे ख्रिस्ती झालेल्या आणि जगभर गाजलेल्या या बाईला देवाच्या इच्छेप्रमाणे जगण्याची पहिली आज्ञा मिळाली ती एका वैष्णव ब्राह्मण बापाकडून, भुकेच्या काठावर. तिने ती कधी टाकून दिली नाही. धर्मांतराकडे भूतकाळाशी काडीमोड म्हणून पाहणाऱ्यांना, मग ते त्याचे कौतुक करणारे असोत की त्यावर चिडणारे, हा प्रसंग नीट समजत नाही.

कलकत्त्याला १८७८ मध्ये मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, पुण्यातला आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. १८८३ मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथून पुढे त्यांचा त्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो या अभ्यासक्षेत्राचा माझ्या मते सर्वांत मौल्यवान ऐवज आहे. ही पत्रे जेराल्डाइन यांनीच जपून, लावून ठेवली, आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

वादाचे कारण वरवर क्षुल्लक वाटेल. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा विषय निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्यांच्याविषयी गैरसमज होईल असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी बील यांना कळवले की माझ्या वडिलांनी आईच्या आणि माझ्या पतीने माझ्या अशा शिकवण्याला कधी आडकाठी केली नाही, आणि इथे इंग्रज माणसे ती करतात याचे आश्चर्य वाटते. त्यांना त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता, काही चमत्कार पटत नव्हते, आणि त्या ते लपवीत नव्हत्या. जेराल्डाइन यांना यात गर्व आणि आज्ञाभंग दिसला. मे १८८५ च्या एका पत्रात रमाबाईंनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळकांच्या किंवा बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही; आपल्याकडच्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे घेणार नाही; देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे ही गोष्ट निराळी.

हे पत्र वाचून आजचा वाचक रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो, आणि मीही राहते. तरी जेराल्डाइन यांना खलनायिका करण्याची घाई होऊ नये. त्या ज्या मठपरंपरेतल्या होत्या तिथे आज्ञापालन ही अहंकार झिजवण्याची साधना होती. त्या जे विचारत होत्या ते टाळता येत नाही : तुला जे देवाचे म्हणणे वाटते ते तुझ्याच मनाचे हट्टी म्हणणे नाही कशावरून? आणि रमाबाईंचा उलटा प्रश्नही तितकाच खरा : तुम्ही ज्याला देवाची आज्ञा म्हणता ती तुमच्या देशाच्या, तुमच्या वर्गाच्या रीतीपेक्षा वेगळी आहे कशावरून? हे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे राहिले त्या पत्रांत. मराठी ख्रिस्ती चिंतनाचा कणा मला तिथेच दिसतो.

रमाबाईंनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर वादाने दिले नाही. ते द्यायला आयुष्य लागले आणि ते बरेचसे केडगावात दिले गेले.

अमेरिकेत पाठीराखे जमवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून पुण्यात मोठे वादळ झाले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. विहिरी खोदायच्या, फळझाडे लावायची हा बेत. त्या काळात त्या जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर, जॉन पेटन यांची चरित्रे वाचत होत्या. म्यूलरने ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुले कोणाकडे वर्गणी न मागता प्रार्थनेच्या बळावर वाढवली होती. हिंदुस्थानात असे होऊ शकेल का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

मग १८९६ चा दुष्काळ आला. दुष्काळात आपल्याकडे देवाचे नाव निघते ते बहुधा मन घट्ट करण्यासाठी. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचणारी पुण्यातली सज्जन माणसे हळहळत होती, आणि देवाच्या मनात असेल ते होईल असे म्हणत होती. रमाबाईंनी स्वतः ती भूक भोगलेली. त्यांनी आपल्या दुष्काळाच्या अनुभवांवर १८९७ मध्ये लिहिले तेव्हा तरुणपणीची उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्या मध्य प्रांतात गेल्या, रस्त्यावर टाकलेल्या आणि वाईट माणसांच्या हाती पडू पाहणाऱ्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त होता, तिथे इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावचे शेत कामी आले. तिथे झोपड्या आणि तंबू उभे राहिले आणि १८९८ मध्ये मुक्ती सदनाची इमारत. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या १,९०० च्या घरात गेली. त्यांच्यात अंध होत्या, वृद्धा होत्या, समाजाने पतित ठरवून बाहेर काढलेल्याही होत्या. त्यांच्यासाठी वेगवेगळी सदने झाली. दळण, शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते आणि छापखाना ही कामे बायकांनीच चालवली.

इथे एक निरीक्षण नोंदवते. मुक्तीविषयीचे भाविक लेखन प्रार्थनेवर भर देते आणि इतिहासकारांचे लेखन संघटनेवर. दोन्ही अर्धे आहे. रमाबाई पहाटे प्रार्थना करीत आणि दिवसा हिशेब तपासीत. शारदा सदनाला पैसा पुरवणाऱ्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनची १० वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली तेव्हा त्या स्वतः अमेरिकेला गेल्या आणि नवी व्यवस्था लावून आल्या. देवावर हवाला ठेवणे आणि विहीर खणणे यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. जेराल्डाइन यांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. देवाचे म्हणणे म्हणून रमाबाईंनी जे ऐकले, त्याने त्यांची स्वतःची सोय कधी झाली नाही. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, आणि लाभ झाला तो ज्यांच्याकडून परतफेडीची आशाच नव्हती अशांना. याला मी सिद्धता म्हणणार नाही, कारण अशा गोष्टीची सिद्धता नसते. पण पारख करायला ही कसोटी भक्कम आहे.

जून १९०५ मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झाले, मुली मोठमोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या, त्यावर आता जगभर अभ्यास होतो आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचे प्रसिद्ध जागरण १९०६ चे. म्हणून पेंटेकोस्टल चळवळीचा उगम एकाच ठिकाणी मानायचा का, असा प्रश्न इतिहासकार केडगावकडे बोट दाखवून विचारतात. मुक्तीतल्या सहकारी मिनी एब्रम्स यांचे पुस्तक याच अनुभवातून आले. रमाबाई स्वतः शेवटपर्यंत रमल्या त्या मात्र दुसऱ्याच कामात. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत उतरवले. अक्षरे जुळवली ती मुक्तीतल्या बायकांनी, छापले मुक्तीच्याच छापखान्यात. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

आता टिळक दांपत्याकडे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. वरवंडच्या मुक्कामी अभंग ऐकत वाढलेल्या वाचकाला टिळकांची पदे परकी वाटणार नाहीत. संतांची समर्पणाची भाषा त्यांनी घेतली आणि ती येशूच्या चरणी ठेवली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले आणि ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’शिवाय हा विषय समजत नाही. नवऱ्याने देवाची हाक ऐकली, त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. साडेचार वर्षांच्या आसपास त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही टिळकांची दानशूरता आणि घरातली रिकामी डाळतांदळाची डबडी यांचा हिशेब त्यांनाच घालावा लागला. त्या हे सारे हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली फार गंभीर प्रश्न आहे : एकाने ऐकलेल्या देवाच्या इच्छेची किंमत दुसऱ्याने का भरावी? आणि त्या नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला, सोवळ्याओवळ्याचा उलगडा स्वतः केला, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ईश्वरशास्त्राच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ सहसा नेमलेली नसतात. ती असायला हवीत.

जवळच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पर्यावरणाच्या लढ्यापासून ‘सुबोध बायबल’पर्यंत हीच वाट चालवली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुण्यात पेपल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी यांसारख्या संस्थांत ईश्वरशास्त्राचे शिक्षण चालते. मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती यांनी रमाबाईंवरचे संशोधन उभे केले. तेव्हा नव्या अभ्यासकाला अगदी उघड्या माळावर सुरुवात करावी लागत नाही.

उणीव आहे ती दुसरीकडे. वर ज्यांची नावे आली ती जवळजवळ सगळी उच्चवर्णीय, लिहिती माणसे. नगर, शिरूर, दौंड भागातल्या मंडळ्या मात्र मुख्यतः महार-मांग कुटुंबांनी भरल्या. तुमचा जन्म हेच तुमच्या कर्माचे फळ, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांना ‘देवाची तुमच्याविषयी काही वेगळी इच्छा आहे’ हे शब्द कसे ऐकू आले असतील? त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांची भजने आहेत, घरच्या प्रार्थना आहेत, मंडळीच्या नोंदवह्या आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत. मुक्तीत आलेल्या दुष्काळी मुलींचे शब्दही आपल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक परदेशी वाचकांसाठी छापलेल्या इंग्रजी वृत्तांतांतून, दुसऱ्याच्या लेखणीने. असे वृत्तांत देणगीदारांसाठी असत. ते वाचताना कोण कोणाला काय सांगते आहे याचे भान सुटू देऊ नये.

या क्षेत्रात येणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. वारकरी घरातल्या अभ्यासकाला समर्पणाच्या काही छटा आमच्यापेक्षा लवकर कळतील, आणि देव न मानणाऱ्याला सत्तेच्या खुणा लवकर दिसतील. देव खरोखर बोलला की नाही हे ठरवण्याचे साधन अभ्यासकाकडे नाही. ऐकणाऱ्याने पुढे काय केले, कोणी त्याला टोकले, भार कोणावर पडला, हे मात्र कागदपत्रांतून आणि माणसांतून शोधता येते, आणि त्यासाठी भक्ती असो वा नसो, आदर लागतो.

सुरुवात पत्रांपासून करावी. १८८३ ते १८८५ ची पत्रे सलग वाचावीत आणि रमाबाईंच्या प्रत्येक पत्राबरोबर समोरच्या बाजूचे पत्रही. मग १९०७ ची साक्ष, मग ‘स्मृतिचित्रे’, मग टिळकांची पदे, आणि ही मोठ्याने, शक्य तर एखाद्या गावच्या मंडळीत गायली जात असताना. त्यानंतर केडगावला जाऊन यावे आणि परतीच्या वाटेवर शिरूर-दौंडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत वृद्धांना भेटून त्यांच्या आजीच्या प्रार्थना लिहून घेण्याचे काम हाती घ्यावे. ते काम अजून कोणी पुरेसे केलेले नाही आणि सांगणारी पिढी आता फार मोठी उरलेली नाही.